वाचकांचे प्रश्न : ठासणीच्या रायफलीच्या चिंधीला वंगण कोणते?

प्रश्न : आजोबांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) रायफल रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली असून मी ती परवानगी असलेल्या चांदमारीवर केवळ निशाणेबाजीसाठी वापरतो. गोळीभोवती गुंडाळायच्या कापडाच्या चिंधीला मी ट्रॅक्टरचे ग्रीस लावतो. परंतु तिसऱ्या-चौथ्या बारानंतर गोळी नळीत अर्ध्यावर अडते आणि ठासायच्या गजाला डांबरासारखा चिकट थर लागतो. जुने लोक चरबी लावत असे ऐकले आहे, पण आमच्या घरात ती चालत नाही. मग काय लावावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी सुरक्षिततेचे सांगतो. गोळी अर्ध्यावर अडली असताना बार कधीही काढू नये, कारण दारू आणि गोळी यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. दारू पेटवणारी टोपी चढवलेली नाही याची खात्री करून ती गोळी परवानाधारक कारागिराकडूनच काढून घ्यावी. पूर्ण ठासणी झाल्यावर गज किती आत जातो त्याची खूणही गजावर कोरून ठेवावी, म्हणजे गोळी दारूवर टेकली की नाही हे दर वेळी डोळ्यांना दिसते.

आता ग्रीसविषयी. वंगण म्हणजे गोळी सरकण्यासाठी लावायचा बुळबुळीत पदार्थ, ही समजूत अर्धीच खरी आहे. काळ्या दारूत शोरा, कोळसा आणि गंधक साधारणपणे 75, 15 आणि 10 या प्रमाणात असतात, आणि ती जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपातच उरतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर पडतो, बाकीचा नळीला चिकटतो. ही काजळी मुख्यत्वे पोटॅशियमच्या क्षारांची असते. ती पाण्यात विरघळते, हवेतला ओलावा ओढून घेते, आणि ओलावा मिळाला नाही तर खरपुडीसारखी कडक होते. कोकणातल्या दमट हवेत ती बराच वेळ मऊ राहते. आपल्याकडे मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी, पारा चाळीस अंशांच्या वर असताना, दोन बारांमधल्या थोड्याशा वेळात ती वाळून नळीच्या आतल्या, गोळीला गिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचांत घट्ट बसते. वंगणाचे खरे काम ही काजळी मऊ ठेवण्याचे आहे, म्हणजे पुढची चिंधी खाली जाताना ती पुसून नेते. खनिज तेलाचे ग्रीस मात्र तिच्यात मिसळून आणि जळून तुम्ही पाहिलेले डांबर तयार करते. रायफल कपाटात ठेवताना नळीला खनिज तेलाचा हात जरूर फिरवावा. परंतु ठासण्यापूर्वी ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढावे.

म्हणून वंगण वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य घ्यावे. सोलापूरच्या घरात पहिल्यांदा हाताशी येते ते करडईचे तेल, आणि नेमके तेच मी टाळायला सांगेन. ते वाळणाऱ्या तेलांपैकी आहे. हवा लागली की त्याचा चिकट पापुद्रा बनतो आणि म्हणूनच ते रंग-वार्निशांत वापरले जाते. जवसाचे तेल तर त्याहून लवकर वाळते. एरंडेल तसे वाळत नाही आणि दाटही असते. दोन भाग एरंडेल आणि एक भाग मधमाशीचे शुद्ध मेण, भांडे गरम पाण्यात ठेवून वितळवावे आणि एकजीव झाल्यावर पसरट डबीत ओतावे. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळते, त्यामुळे उन्हाळ्यात त्याचे प्रमाण थोडे वाढवले तर मिश्रण पातळ होऊन दारूत झिरपत नाही. तूप नेमके तिथेच नडते, शिवाय ते खवटही होते. मीठ असलेले लोणी तर नळीला गंज चढवते.

चरबीवाचून भागते का, या तुमच्या शंकेला आपल्या इतिहासातच उत्तर आहे. एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे अशी कुजबुज जानेवारी 1857 मध्ये कोलकात्याजवळच्या दमदम येथून पसरली, तेव्हा काडतुसे वंगणाविना द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे असा हुकूम निघाला. शिपायांच्या मनातला संशय त्याने गेला नाही, हा भाग वेगळा; पण मेण आणि तेल यांवर काम भागते हे तेव्हाही ठाऊक होते.

लगेच बार काढायचा असेल तर थुंकीने ओली केलेली चिंधीही उत्तम चालते, कारण काजळी पाण्यातच विरघळते. मात्र अशी ओली चिंधी ठासून रायफल भरलेली ठेवली तर दारू भिजते आणि नळी गंजते.

कापडाकडे दुर्लक्ष झाले तर चांगले वंगणही वाया जाते. टॉवेलचे फुगीर कापड नको, चादरीचे जाड कापड नको. कृत्रिम धागा तर मुळीच नको, तो वितळून नळीला चिकटतो. गाद्यांच्या दुकानात मिळणारा शुद्ध सुती, घट्ट विणीचा गादीपाट घ्यावा. त्यातली खळ निघेपर्यंत तो धुवावा, कारण खळ राहिलेल्या कापडात वंगण मुरत नाही. ही गोष्ट विणकरांच्या गावात अधिक सांगायला नको. जाडी साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर असावी. नेमकी किती, हे गोळी आणि नळी यांच्या व्यासांतल्या फरकावर ठरते.

चांदमारी थांबल्यावर, परवानगी मिळताच पुढे जाऊन उडालेल्या चिंध्या गोळा कराव्यात. चिंधी नीट असेल तर मधोमध काळा गोल डाग आणि कडेला पिळाच्या खाचांच्या रेषा दिसतात, कापड मात्र शाबूत असते. मधोमध जळून भोक पडले असेल तर वंगण कमी पडले किंवा कापड पातळ आहे. रेषांवर ब्लेडने कापल्यासारख्या चिरा असतील तर दोष वंगणाचा नाही, नळीच्या तोंडाच्या किंवा खाचांच्या धारदार कडांचा आहे, आणि तिथे कारागिराचाच हात लागेल.