‘मुलीसाठी मी काहीही करेन’ म्हणणाऱ्या बाबांसाठी

मी समुपदेशक आहे, मुलं आम्हाला काही सांगतच नाहीत, ही तक्रार घेऊन येणारे आईबाबा माझ्याकडे सतत असतात. आणि त्यातले बरेचसे बाबा पाच मिनिटांत हेही सांगतात की मॅडम, माझ्या पोरीला कोणी त्रास दिला ना तर मी त्याला सोडणार नाही, मग काय व्हायचं ते होऊ दे. दृश्यम आल्यापासून तर या बोलण्याला एक चेहराच मिळालाय. मूळ मल्याळम सिनेमा २०१३ चा, पण आपल्याकडे बहुतेकांनी २०१५ मधला निशिकांत कामतांचा हिंदी पाहिला, गोव्यातला केबलवाला विजय साळगावकर, चौथी नापास माणूस, मुलीला धमकावणारा मुलगा तिच्याच हातून मरतो तेव्हा घर वाचवायला अख्ख्या पोलीस खात्याला गुंडाळतो. टीव्हीवर लागला की अजूनही घरोघरी सगळे एकत्र बसून बघतात आणि शेवटी बाबा म्हणतात, बाप असावा तर असा.

या दोन गोष्टी, म्हणजे मुलांचं न सांगणं आणि बाबांचं हे बोलणं, एकमेकांत किती घट्ट अडकलेल्या असतात ते एका घराने मला फार स्पष्ट दाखवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी दहावीतली. वर्षभरात मार्क घसरले, जेवण कमी झालं, फोन उशीखाली घेऊन झोपायची आणि वाजला की दचकायची. आईला वाटत होतं अभ्यासाचं टेन्शन. बाबा मनाने अतिशय प्रेमळ माणूस, पण आवाज मोठा. मी एकट्या मुलाला कधीच पेशंट धरत नाही, माझ्यासमोर अख्खं घर बसलेलं असतं आणि कोण बोलतंय यापेक्षा कोण कोणाकडे बघून गप्प होतंय हे मी जास्त बघते, इतक्या वर्षांत या सवयीने मला क्वचितच चुकीच्या दिशेला नेलंय. बाबा म्हणाले, "मी हिला कायम सांगतो, तो साळगावकर बघ, मी पण तेच केलं असतं. तुझ्या केसाला धक्का लावणाऱ्याला जिवंत ठेवणार नाही." हे ऐकून कुठल्याही मुलीला आधार वाटायला हवा ना? हिने आईचा हात सोडला आणि ओढणीचं टोक मुठीत आवळलं.

मग मी तिच्याशी एकटीशी बोलले. आधीच सांगितलं की तू जे बोलशील ते माझ्याकडेच राहील, पण तुला कोणी इजा करत असेल तर मला ते मोठ्यांना आणि गरज पडली तर पोलिसांना सांगावं लागेल, तो कायदा आहे आणि मी तो तुझ्यापासून लपवणार नाही. खूप वेळ ती काहीच बोलली नाही.

मी विचारलं, "पप्पांना कळलं तर काय होईल असं वाटतं?"

"ते त्याला मारतील."

"आणि मग?"

"मग ते जेलमध्ये जातील. आई रडत बसेल. आणि हे सगळं माझ्यामुळे."

तो कोण, काय केलं, यातलं काहीच तिने अजून सांगितलं नव्हतं. पण माझ्यासाठी सगळं या तीन वाक्यांत होतं. आपण धरून चालतो की मूल स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसतं, ओरडा बसेल, फोन काढून घेतील म्हणून. ते असतंच, पण ही मुलगी बापाला वाचवत होती! पप्पांनी वर्षानुवर्षं प्रेमाने दिलेला शब्द तिने अक्षरशः खरा मानला होता आणि पंधराव्या वर्षी हिशोब मांडला होता, की मी बोलले तर खून होईल, गप्प राहिले तर फक्त मला त्रास होईल. अशा हिशोबात कुठलंही शहाणं, माया असलेलं मूल गप्पच बसणार.

तिच्या परवानगीने मी बाबांना त्याच दिवशी एकट्याला आत बोलावलं, अशा वेळी पुढच्या आठवड्याची वाट बघायची नसते. त्यांना विचारलं, सिनेमातल्या बापाला घडलेलं कधी कळतं? ते म्हणाले, सकाळी, घरी आल्यावर. म्हणजे? म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. पोरगी अडचणीत असते, तो मुलगा तिचा चोरून काढलेला व्हिडिओ घेऊन धमकावत असतो तेव्हा बापाला त्यातलं काही माहीतच नसतं. २ ऑक्टोबर, पणजी, सत्संग, हॉटेलची बिलं, पोलिसांना चकवायची ती सगळी हुशारी त्यानंतरची आहे. आणि त्या हुशारीने मुलगी बरी झाली का? पुढच्या भागात ती काही वर्षांनंतरही पोलीस दिसले की हादरते, तिला फिट्स येतात. सिनेमाने हे लपवलेलं नाही, आपणच बापाला टाळ्या वाजवताना तिच्याकडे बघत नाही.

बाबा बराच वेळ खाली बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे ती मला घाबरते?" मी म्हटलं, तुम्हाला नाही, तुमच्यासाठी घाबरते. त्या मोठ्या आवाजाच्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं आणि माझं निम्मं काम तिथेच झालं होतं.

उरलेलं काम म्हणजे तिच्यासमोर काय बोलायचं हे आम्ही चक्क तोंडाने बोलून बघितलं. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं, "तू फक्त नाव सांग." हे नको. दुसऱ्यांदा, "तुला विचारल्याशिवाय मी काहीच करणार नाही." हेही नको, कारण ते पाळता येणार नाही आणि एकदा मोडलेला शब्द मूल विसरत नाही. शेवटी जमलं ते साधं होतं, आणि तिला आत बोलावून त्यांनी तेच म्हटलं, आवाज थरथरत होता पण खालच्या पट्टीत होता: "मी कोणाला हात लावणार नाही. मी कुठेही जाणार नाही, घरीच असणार आहे. जे करायचं ते कायद्याने करू आणि तुला सांगितल्याशिवाय एकही पाऊल टाकणार नाही."

तिने विचारलं, "नक्की?" आणि मग तासभर ती बोलत होती. ऑनलाइन ओळख झालेला एक मुलगा, आधी गोड बोलणं, मग एक फोटो, मग त्या फोटोच्या जोरावर अजून फोटो मागणं, नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकेन. आईने मध्ये एकदाच तोंड उघडलं, "अगं पण तू पाठवलासच का," आणि मी हाताने थांबवलं, तो प्रश्न त्या दिवशीचा नव्हताच.

पुढचं मी जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच पालक सगळ्यात जास्त गोंधळतात. अठराच्या आतल्या मुलाचं असं प्रकरण पॉक्सो कायद्यात येतं, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा २०१२ चा कायदा आहे, आणि असा गुन्हा घडलाय हे कळलेल्या कोणालाही तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पालक, शिक्षक, माझ्यासारखे समुपदेशक सगळे त्यात आले. लोक बदनामीला घाबरतात, पण मुलाची ओळख उघड करणारी बातमी द्यायला याच कायद्याने मनाई आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, युनिफॉर्म न घालता, आणि आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ असते. रात्री मुलाला पोलीस स्टेशनमध्ये ठेवता येत नाही. हे सगळं मी त्या मुलीला समजावून सांगितलं तेव्हा तिचे खांदे खाली आले, तिच्या डोक्यात पोलीस म्हणजे सिनेमातलाच तो चौकशीतला मार होता!

तेवढंच महत्त्वाचं म्हणजे रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, फोन फोडू नका, त्या मुलाला स्वतः मेसेज करून धमकावू नका. तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक, नंबर, तारखा जपून ठेवा. पैसे मागितले तर देऊ नका, दिले की मागणी थांबत नाही, वाढते. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर लहान मुलांबद्दलच्या तक्रारीसाठी वेगळी सोय आहे, चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर मूल स्वतःसुद्धा लावू शकतं. फोटो पसरायची भीती असेल तर टेक इट डाउन नावाची मोफत सेवा आहे, तिथे फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, तो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याची फक्त डिजिटल खूण तयार होऊन इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्यांकडे जाते आणि ते तो फोटो शोधून काढून टाकू शकतात.

या घराने तक्रार केली. तो मुलगाही अठराच्या आतला निघाला, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं. मुलगी पुढे बरेच दिवस माझ्याकडे येत होती, झोप सुधारायला वेळ लागला, दहावीचे मार्क मनासारखे आले नाहीत आणि त्याने काही बिघडलं नाही. मला सगळ्यात समाधान कशाचं असेल तर नंतर एकदा क्लासमधल्या कुठल्यातरी साध्या भांडणाचं तिने घरी येऊन पप्पांनाच पहिल्यांदा सांगितलं, आणि त्यांनी फक्त ऐकलं, याचं.

तुमच्या घरी हे मारेन-सोडणार नाही वालं वाक्य आधीच बोलून झालं असेल, आणि बहुतेक घरांत झालेलं असतंच, तर ते परत घेता येतं. मुलाला काही झालंय का याची वाट न बघता, आजच, जेवताना किंवा गाडीवरून जाताना सांगा की मी रागात तसं म्हणायचो पण मी तसं करणार नाही, तू काहीही सांगितलंस तरी मी शांत राहून ऐकेन. एकदा सांगून मुलं विश्वास ठेवत नाहीत, ती आधी एखादी छोटी गोष्ट सांगून बघतात, फुटलेली वॉटर बॉटल, कमी आलेले मार्क, मित्राने दिलेली शिवी. त्या छोट्या गोष्टीला तुम्ही कसे वागता ते बघूनच मोठी गोष्ट तुमच्यापर्यंत येणार की नाही हे ठरतं, म्हणून त्या वेळी तरी हातातला फोन बाजूला ठेवून पूर्ण ऐकून घ्या.