पीएस४ वर टोनी हॉकचा स्केटबोर्डचा गेम घेतलाय, पण दोन मिनिटांत वीस वेळा आपटतो. चाळिशीत हा गेम जमण्यासाठी काय करावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की 'प्रो स्केटर १+२' (जुन्या पहिल्या दोन भागांची नवी आवृत्ती) सेलमध्ये मिळाला म्हणून घेतला, बटणं सगळी पाठ झाली, तरी कॉम्बो, म्हणजे सलग ट्रिकांची साखळी, काही लागत नाही आणि अकरा वर्षांची लेक शेजारी बसून हसते. लेकीचं हसणं थांबवायचा उपाय माझ्याकडे नाही. बाकीचं सांगतो.

सगळ्यात आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू करा. हल्लीचे टीव्ही चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून मध्ये बरीच कारागिरी करतात आणि त्यात बटण दाबल्यापासून पडद्यावर काही होईपर्यंत थोडा उशीर होतो. सिनेमा बघताना तो कळत नाही. या गेममध्ये तेवढ्या उशिरात माणूस रेलिंगवर चढायच्या ऐवजी रेलिंगवर तोंड आपटतो. मी स्वतः दोन आठवडे 'वय झालं आता' म्हणत होतो, मग भाच्याने येऊन हे एक सेटिंग बदललं.

आता खरी गोम. तुम्ही एक्स दाबून उडी मारायला बघताय का? नव्वद टक्के नवे खेळाडू तेच करतात, मीही केलं. उडी एक्स दाबल्यावर लागत नाही, सोडल्यावर लागते. दाबून धरलं की पडद्यावरचा खेळाडू गुडघ्यात वाकतो, वेगही घेतो, आणि बोट उचललं की उसळतो. म्हणजे एक्स जवळजवळ कायम दाबलेलाच ठेवायचा आणि उतार संपतो त्या काठावर सोडायचा. खऱ्या स्केटबोर्डवरही जोर असाच लागतो: आधी वाकायचं, मग मागच्या पायाने फळीचं शेपूट जमिनीवर आपटून उसळी घ्यायची. ही उडी म्हणजे ऑली. फ्लोरिडातल्या अ‍ॅलन गेलफंडने ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी पोहण्याच्या रिकाम्या तलावांसारख्या वळणदार भिंतींवर मारली आणि रॉडनी मुलनने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सपाट जमिनीवर आणली. मुलन दुसऱ्या भागापासून या गेममध्ये आहे, तुमच्याकडच्या यादीतही सापडेल.

हे एकदा अंगठ्यात उतरलं की निम्मं आपटणं थांबतं. उरलेलं निम्मं हावरटपणामुळे. हवेत असताना गोलाचं बटण दाबून फळी पकडली की ती जमिनीवर येण्याआधी सोडावी लागते. आणि 'अजून एक गिरकी बसेल' असं वाटतं ना, ती बसत नाही. फळी आडवी असताना उतरलात की पडलातच. अर्धी गिरकी घ्या, नाहीतर पूर्ण घ्या, पाऊण घेऊ नका.

अ‍ॅनालॉग स्टिक सोडा, डाव्या बाजूची दिशांची बटणं वापरा. या मालिकेचा पिंड जुन्या प्लेस्टेशनचा आहे, आणि वर-खाली असं पटकन दोन टिचक्या मारायच्या तर काठीपेक्षा बटण बरं.

वर-खाली कशाला, ते सांगतो. कारण तुमचा कॉम्बो तिथेच अडलाय.

गेमचा हिशोब असा आहे की एका दमात केलेल्या सगळ्या ट्रिकांचे गुण एकत्र होतात आणि त्यांना ट्रिकांच्या संख्येने गुणलं जातं. समजा ३०० गुणांच्या पाच ट्रिक सुट्या सुट्या केल्या, तर झाले १,५००. त्याच एका साखळीत केल्या तर १,५०० गुणिले पाच, म्हणजे ७,५००. मध्ये चाकं साधी जमिनीला टेकली की साखळी तुटली आणि गुण जमा झाले. मध्येच पडलात तर साखळीतलं सगळं गेलं. मग जमिनीवर यायचं आणि साखळीही तोडायची नाही, हे कसं करायचं? त्यासाठी मॅन्युअल. जमिनीला टेकायच्या किंचित आधी वर-खाली, की तो पुढची चाकं उचलून मागच्या दोन चाकांवर तोल सांभाळत जातो. पुढच्या रेलिंगपर्यंत तसंच जायचं, उडी, त्रिकोणाचं बटण, ग्राइंड (म्हणजे रेलिंगवरून फळी घासत जाणं), पुन्हा उतरताना वर-खाली. एवढंच आहे सगळं. ग्राइंडवर तोल डावी-उजवीकडे सांभाळायचा, मॅन्युअलमध्ये वर-खाली. पडद्यावरचा तोलाचा काटा एकीकडे झुकला की विरुद्ध बटण दाबून धरू नका, टिचक्या मारा. चुलीवरच्या दुधाकडे जसं लक्ष ठेवतो तसं त्या काट्याकडे ठेवायचं, पण डोळे पुढच्या रेलिंगवर.

गंमत म्हणजे १९९९ च्या पहिल्या भागात मॅन्युअल नव्हताच. तो २००० च्या दुसऱ्या भागात आला. आणि मोठ्या उतारावरून हवेत जाऊन परत उतरल्यावर साखळी जोडायची सोय, म्हणजे रिव्हर्ट, ती २००१ च्या तिसऱ्या भागात. तुमच्याकडची आवृत्ती २०२० ची, तिच्यात सगळंच आहे. उतारावर चाकं टेकताक्षणी आर२ बटण, लगेच वर-खाली. हे मात्र आठवडाभर सरावाशिवाय येणार नाही. सध्या विसरलात तरी चालेल.

एकच किकफ्लिप (फळी हवेत फिरवायची ट्रिक) पुन्हा पुन्हा मारू नका, दर वेळी तिची किंमत उतरते. चौकोनाबरोबर दिशा बदलत राहा. आणि प्रत्येक ठिकाणी लपवलेले स्टॅट पॉइंट, म्हणजे खेळाडूचा वेग आणि तोल वाढवणारे गुण, आधी गोळा करा. सुरुवातीला तुमचा खेळाडू मुद्दामच मंद आणि तोल नसलेला दिलेला असतो. सगळा दोष तुमच्या अंगठ्याचा नाही.

सरावाला दोन मिनिटांचं घड्याळ नको. 'फ्री स्केट' मध्ये जा, वेअरहाऊस हे ठिकाण निवडा आणि एकच ओळ घोटा: वरून उतरायचं, एक ग्राइंड, मॅन्युअल, दुसरा ग्राइंड. तीच ओळ पन्नास वेळा. सेटिंगमध्ये तोल न जाण्याची आणि न पडण्याची सवलतही आहे. काही लोक तिला फसवणूक म्हणतात. म्हणोत. पहिले दोन दिवस ती लावून हात बसवला तर कोणी पोलीस येणार नाहीत.

माझा हात बसला तो डोंबिवलीच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, दुसरा भाग नवा होता तेव्हा. तासाला वीस रुपये, म्हणून आम्ही चौघं पाच-पाच रुपये काढायचो. दोन मिनिटांचा डाव असल्यामुळे 'आता माझा नंबर' यावरून भांडणं होत नसत, डाव संपला की रिमोट पुढे. (कंट्रोलरला आम्ही सगळे रिमोटच म्हणायचो.) मालक मेमरी कार्ड लावू द्यायचा नाही, म्हणून दर वेळी खेळ पहिल्यापासून. परिणामी आम्ही महिनोन्‌महिने फक्त पहिलंच ठिकाण, हँगर, खेळलो. तिथल्या हेलिकॉप्टरच्या पात्यावर ग्राइंड केलं की ते उडून जातं, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी शेजारच्या क्रिकेटच्या गेमवाल्यांनीही खेळ थांबवून पाहिलं. त्यात हॉर्स नावाचा दोघांचा प्रकार होता: समोरच्यापेक्षा कमी गुण झाले की तुम्हाला एक अक्षर, शब्द पूर्ण झाला की हरलात. शब्द बदलता यायचा. आम्ही घोड्याच्या जागी इंग्रजीत 'बकरा' लिहायचो. अक्षरं तेवढीच, पाच.

एका कमेंटमध्ये कोणीतरी सुचवलंय की त्यापेक्षा 'स्केट ३' किंवा 'सेशन' घ्या, ते खऱ्यासारखे आहेत. खरं आहे, आहेत. 'स्केट' मध्ये उजवी काठी खाली ओढून वर झटकली की ऑली लागते. 'सेशन' मध्ये तर एक काठी म्हणजे एक पाय. मला दोन्ही आवडतात, पण तिथे एका पायरीवरून नीट उतरायला संध्याकाळ जाते. ज्यांच्याकडे रात्री जेवणानंतर अर्धा तास असतो त्यांनी त्या वाटेला तूर्त जाऊ नये.

खऱ्या-खोट्याचंच निघालं म्हणून. कामानिमित्त एकदा अमेरिकेतल्या पोर्टलंडला होतो. गेमच्या पहिल्या भागातलं बर्नसाइड हे ठिकाण म्हणजे तिथल्या बर्नसाइड पुलाखालची खरी जागा आहे. स्केट करणाऱ्या पोरांनीच १९९० मध्ये कोणाची परवानगी न घेता सिमेंट ओतून ती बांधायला सुरुवात केली. गेलो बघायला. गेममध्ये शेकडो वेळा फिरलेली जागा, पण तिथे पुलावरच्या गाड्यांचा गडगडाट आणि ओल्या सिमेंटचा वास होता, तो गेममध्ये कुठून येणार? एक मुलगा एकाच काठावर एकच ट्रिक मारत होता. मी पाऊण तास उभा होतो, तेवढ्या वेळात त्याला ती एकदाही जमली नाही. कोपर सोललेलं. दर वेळी फळी उचलून पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहायचा, आजूबाजूच्या कोणालाही त्यात नवल वाटत नव्हतं. खुद्द टोनी हॉकने सान फ्रान्सिस्कोच्या एक्स गेम्स स्पर्धेत हवेत अडीच गिरक्यांची, म्हणजे ९०० अंशांची, '९००' ही ट्रिक मारली ती २७ जून १९९९ ला, तीही आधीचे बरेच प्रयत्न फसल्यावर आणि स्पर्धेची वेळ संपून गेल्यावर. गेम त्याच वर्षी आला. तुम्ही दोन मिनिटांत वीस वेळा पडताय म्हणजे वीस वेळा उठून पुन्हा फळीवर उभेही राहताय, आणि कोपर शाबूत आहे.

लेकीच्या हातात दुसरा कंट्रोलर द्या आणि 'ग्राफिटी' लावा. त्यात ज्या रेलिंगवर ट्रिक कराल ते तुमच्या रंगाचं होतं, दुसऱ्याने त्यावर जास्त गुणांचा कॉम्बो केला की त्याच्या रंगाचं. पडदा दोघांत अर्धा-अर्धा वाटला जातो, त्यामुळे तिला तुमच्या पडण्याकडे बघायला फारशी फुरसत मिळणार नाही. पण एक्स सोडायचं गुपित तिला आधी सांगू नका. निदान दोन दिवस तरी.