पहिला फोक रॉक अल्बम करतोयस? आधी ढोलकीचं बघ

अरे मित्रा, गिटारच्या पेडलवर पैसे घालायच्या आधी ढोलकीकडे लक्ष दे. मुंबईच्या पावसाळ्यात चामडं सैल पडतं, सूर उतरतो आणि स्टुडिओच्या एसीत तो परत चढतो, आमचे सकाळचे आणि दुपारचे टेक (एकेका वेळी वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग) जोडायला घेतले तर चक्क दोन वेगळ्या ढोलक्या वाटत होत्या, अख्खा दिवस वाया गेला. म्हणून वाद्य तासभर आधी आत नेऊन ठेव, एसीचा आकडा बदलू नकोस, आणि दर टेकआधी शाईचा, म्हणजे काळा लेप असलेल्या बारीक आवाजाच्या बाजूचा, सूर तपास. गिटार त्या सुराला लावायची, उलटं नको.

माइक दोन लाव, एक शाईला एक धुमाला (जाड आवाजाची बाजू), पण एकाची फेज उलटी करून, म्हणजे त्या माइकची ध्वनिलहर उलटवून, ऐकच, नाहीतर धुमाचा घुमारा मिक्समध्ये गायब होतो. रेकॉर्डिंग २४ बिटला (आवाज बारकाईने टिपणारी सेटिंग) कर.

क्लिकची, म्हणजे कानात एकाच लयीत वाजणाऱ्या टकटकीची, सक्ती नको रे. संबळवाला लय हळूहळू चढवत नेतो, तीच तर खरी मजा, त्याला क्लिकला बांधलंस की जीवच जातो गाण्यातला. संबळ, बेस, गिटार एका खोलीत लाइव्ह घे, गळा आणि बाकीचे प्रयोग नंतर वेगळे रेकॉर्ड करून वर चढव.

आणि तुणतुणं प्लीज सॅम्पलने (आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या तयार आवाजांनी) करू नकोस, वाजवणारा माणूस बोलव.