वाचक विचारतात : बिघडत्या काळात विश्वासू कसं राहायचं?

प्रश्न : प्रभूच्या नावात सलाम. बातम्यांत रोज लाचखोरी, खोट्या शपथा, मोडलेले संसार. देशाची नीती ढासळताना पाहून जीव तुटतो. आमच्या संगतीतही (प्रार्थनेच्या मेळाव्यातही) हाच विषय निघतो आणि सगळे चिडून घरी जातात. अशा समाजापासून दूर राहणंच योग्य नाही का?

उत्तर : सलाम. जीव तुटतो हे बरंच आहे. बायबलमध्ये यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात नगरातल्या अमंगळ गोष्टींसाठी उसासे टाकणाऱ्यांच्याच कपाळावर खूण केली जाते. पण तुमची संगती उसाशाने नाही, चिडण्याने संपते, आणि आम्हाला खरा धोका तिथे वाटतो. दुसऱ्यांच्या पापावर तासभर बोललं की आपलं काही तपासायचं राहिलंय, याची आठवणही होत नाही.

दूर होण्याबद्दल प्रेषित पौल आपल्या पत्रात स्पष्ट बोलतो (१ करिंथ ५). जगातल्या पापी लोकांशी संबंधच नको म्हटलं तर जगातूनच निघून जावं लागेल. बाहेरच्यांचा न्याय देव करील, मंडळीने, म्हणजे चर्चने, आपल्या आत पाहावं. तेव्हा आधी हे विचारा : दानाचा जमाखर्च दरवर्षी सभासदांपुढे वाचला जातो का? दान मोजताना दोन माणसं असतात का? घरात मार खाणाऱ्या बहिणीला ‘सोसून घे’ म्हणून परत पाठवलं जातं का? या प्रश्नांची उत्तरं देता येत नसतील, तर देशाच्या नीतीबद्दल आपण बोललेलं कोणी का ऐकावं?

बाबेलात कैद करून नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिलं (अध्याय २९) : घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, परत यायला सत्तर वर्षं लागतील. त्याच काळात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगत होता, आणि तेच ऐकायला गोड होतं. झटपट विजयाचं आश्वासन देणारा उपदेशक भेटला की हा प्रसंग (अध्याय २८) वाचावा.

रोजचं म्हणाल, तर बातम्या एकदाच पाहा, ठरल्या वेळी, शास्त्रवाचनानंतर. बायबलच्या दुसऱ्या भागात, नव्या करारात, २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले की ५२ आठवड्यांत तो पूर्ण होतो आणि राहिलेलं भरून काढायला दर आठवड्याला दोन दिवस उरतात. पहिल्याच वर्षी बायबलचे सगळे १,१८९ अध्याय घेऊ नका. लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकाशी येऊन वाचन थांबतं आणि मग अपराधी वाटून पुस्तकच मिटलं जातं. राज्यकर्त्यांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा (१ तीमथ्य २), ज्यांना मत दिलं नाही त्यांच्यासाठीही. देशाचं पाप देवापुढे मांडताना बाबेलात नेलेला दानीएल स्वतःलाही त्यात मोजतो (अध्याय ९), तसं करा. राग बराचसा तिथेच निवतो.

प्रश्न : न आलेल्या मालाच्या बिलावर सही करायला साहेब सांगतात. नोकरी गेली तर घर कसं चालेल?

उत्तर : दानीएलाचा पहिला अध्याय सावकाश वाचा. त्याने परकं नाव स्वीकारलं, खास्द्यांची (बाबेलच्या लोकांची) विद्या शिकला, राजाची चाकरी केली. अडला तो राजाच्या अन्नापाशी. तुम्हीही आधी रेघ ठरवा. इतरांचं पाप डोळ्यांसमोर घडणं वेगळं, आणि खोटं खरं असल्याचं आपल्या सहीने सांगणं वेगळं. यातली दुसरी गोष्ट तुम्ही करू शकत नाही.

मग तो कसा बोलला ते पाहा. त्याने आधी नम्रपणे विनंती केली. अधिकाऱ्याला राजाची भीती होती, हे लक्षात घेऊन त्याने कारभाऱ्यापुढे दहा दिवसांची परीक्षा ठेवली, निर्णयही त्याच्याकडेच सोपवला. तुमच्या साहेबांनाही बहुधा वरून घाई असेल. सगळ्यांसमोर नकार देऊ नका. एकांतात सांगा : “माल मी पाहिलेला नाही, म्हणून ही सही करता येत नाही. जेवढा आलाय त्याची पावती आत्ता करतो, उरलेला आला की त्याच दिवशी सही करीन.” प्रवचन नको, सहकाऱ्यांची नावं नकोत. झालेलं बोलणं तारखेनिशी लिहून ठेवा. घरी आधीच बोला आणि जमेल तसा तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाका. हाताशी पैसा नसला की माणूस लवकर वाकतो. ‘एवढी एकच सही’ सर्वांत घातक, कारण पुढच्या वेळी तीच तुमच्यावर उगारली जाते. एवढं करूनही नोकरी जाऊ शकते. तशा वेळी त्या घराचं धान्य आणि मुलांची फी हा मंडळीचा प्रश्न आहे. पाळकांना आजच कल्पना द्या.

प्रश्न : कुटुंबप्रार्थनेला चौदा वर्षांचा मुलगा कंटाळतो.

उत्तर : ती लांबत असेल. पंधरा मिनिटं पुरे : एक स्तोत्र, शुभवर्तमानातली दहा-बारा वचनं, त्याचा एक प्रश्न, प्रत्येकाची दोन वाक्यांची प्रार्थना. वाचन त्याच्याकडे द्या. प्रार्थनेच्या आडून त्याचे मार्क किंवा मोबाईल काढू नका; देवाशी बोलण्याच्या नावाखाली आपल्याला रागावतात, हे मुलांना लगेच कळतं. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर तसं सांगा, आणि पुढच्या रविवारपर्यंत शोधून द्या.