आई-वडिलांना घेऊन रेल्वेने फिरायचंय. हावडा, सीएसएमटी, चेन्नई, नवी दिल्ली यांपैकी कुठलं स्टेशन सोयीचं?

तुम्ही लिहिलंय की सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन मुंबई, कोलकाता, दार्जिलिंग, दिल्ली आणि परत मुंबई असा रेल्वेने फेरा करायचा आहे, पुढच्या वर्षी रामेश्वरही डोक्यात आहे, आणि वाटेतल्या मोठ्या स्टेशनांची धास्ती वाटते. माझी नोकरी फिरतीची आहे, शिवाय घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊनही बरंच फिरणं झालंय. त्यावरून माझा क्रम असा: हावडा पहिलं, त्याच्या पाठोपाठ सीएसएमटी आणि चेन्नई सेंट्रल, आणि बऱ्याच अंतराने शेवटी नवी दिल्ली. दादर मी या क्रमात धरतच नाही, त्याचं वेगळं सांगतो.

या क्रमात इमारतीच्या देखणेपणाला मी एकही गुण दिलेला नाही. वातानुकूलित लाउंज, मोफत वायफाय, फलाटावरचे चकाचक स्टॉल, यांनाही नाही. टॅक्सीतून उतरल्यापासून डब्याच्या दारापर्यंत किती पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात, एवढंच पाहिलंय. एकटे असाल तर ही कसोटी हास्यास्पद वाटेल. गुडघे दुखणारी आई, दोन बॅगा आणि खाण्याची पिशवी सोबत असली की दुसरं काही सुचत नाही.

हावडा, सीएसएमटी आणि चेन्नई सेंट्रल ही टर्मिनस आहेत. रूळ तिथे संपतात, आणि जिथे संपतात तिथे सगळ्या फलाटांना जोडणारी सपाट, मोकळी जागा असते. सीएसएमटीला लोकलने १ नंबरवर उतरलात आणि गाडी १८ नंबरवर लागली, तरी नुसतं चालायचं, चढायचं काही नाही. नवी दिल्ली, दादर, पुणे, नागपूर इथे रूळ आरपार जातात, त्यामुळे फलाट बदलायचा म्हणजे पूल किंवा भुयार आलंच. लिफ्ट आणि सरकते जिने आता बहुतेक मोठ्या स्टेशनांवर आहेत, हे मान्य. पण लिफ्टपुढची रांग, आणि सरकत्या जिन्यावर पाऊल टाकायला कचरणारी माणसं, हे दोन्ही हिशेबात धरा.

टर्मिनसवर वेळही हाताशी असतो. गाडी तिथूनच सुटणार असल्याने बहुधा ती बरीच आधी फलाटाला लागते. सावकाश चढता येतं, बॅगा सीटखाली सारता येतात, वडिलांना खिडकीशी बसवून पाण्याची बाटली आणायला उतरता येतं. मधल्या स्टेशनावर दोन-तीन मिनिटांचा थांबा असेल तर आपला डबा नेमका कुठे येणार हे आधीपासून माहीत हवं, नाहीतर फलाटावर पळापळ.

तोटा एकच: लांबी. २२ डब्यांची गाडी अर्धा किलोमीटर भरते, आणि तुमचा डबा नेमका पार पुढच्या टोकाला निघाला तर तेवढं सगळं चालावं लागतं. तिथे कंजुषी करू नका. बॅटरीची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर हमाल करा. दर आधी ठरवा, आणि सामान डब्यात ठेवून झाल्यावरच पैसे द्या.

आता हावडा. बंगालबाहेरच्या लोकांच्या मनात त्याचं चित्र अफाट गर्दीचं आहे, आणि गर्दी आहेच. २३ नंबरपर्यंत फलाट, सकाळ-संध्याकाळ लोकलमधून उतरणारे लोंढे. पण ज्याने हे स्टेशन आखलं त्याला सामानवाला प्रवासी कळला होता. जुन्या भागात ८ आणि ९ नंबरच्या फलाटांमधून चक्क गाड्यांचा रस्ता आत येतो. टॅक्सी फलाटाला लागते आणि आगगाडीतून उतरलेला माणूस चार पावलांत टॅक्सीत बसतो. आजची इमारत १९०५ च्या सुमाराची, हॅल्सी रिकार्डो या वास्तुविशारदाची. तेव्हा तो रस्ता घोडागाड्यांसाठी होता. सव्वाशे वर्षांत आपण कितीतरी स्टेशनं बांधली, पण इतकी साधी सोय फारशी कुठे केली नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

मुंबईहून नागपूरमार्गे येणाऱ्या गाड्या मात्र बहुतेक न्यू कॉम्प्लेक्सला, म्हणजे १७ ते २३ नंबरच्या फलाटांवर लागतात. तो भाग जुन्यापासून थोडा बाजूला आहे. कुणी घ्यायला येणार असेल तर नुसतं 'हावड्याला भेटू' म्हणू नका. जुन्या भागात 'बडो घोडी', म्हणजे मोठं घड्याळ आहे. कोलकात्याची माणसं पिढ्यान्पिढ्या त्याच्याखाली भेटत आली आहेत. पण तुम्ही न्यू कॉम्प्लेक्सला उतरलात आणि घ्यायला आलेला घड्याळाखाली उभा राहिला, तर दोघांची फरफट होईल.

स्टेशनाबाहेर पडलं की समोर हुगळी. पलीकडे जायला पूल आहे, टॅक्सी आहे, आणि लाँच आहे. वडिलांना हौस असेल आणि सामान हॉटेलवर टाकलेलं असेल, तर लाँचने एकदा नदी ओलांडाच. तिकीट अगदी किरकोळ आणि हावडा ब्रिज पाण्यावरून दिसतो तसा कुठूनच दिसत नाही. २०२४ च्या मार्चपासून नदीखालून मेट्रोही धावते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मधला टप्पा सुरू झाल्यापासून हावड्याहून सियालदहला मेट्रोने थेट जाता येतं. तुमच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे, कारण दार्जिलिंगसाठी न्यू जलपाईगुडीला जाणाऱ्या दार्जिलिंग मेल, पदातिक यांसारख्या रात्रीच्या सोयीच्या गाड्या सियालदहहून सुटतात. पूर्वी ही अदलाबदल म्हणजे बडाबाजारच्या वाहतुकीत घामाघूम होणं असायचं.

तिकीट काढताना एक बघा. मुंबईहून कोलकात्याच्या नावाने जाणाऱ्या सगळ्या गाड्या हावड्याला जात नाहीत. कुर्ल्याहून, म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणाऱ्या काही गाड्या शालिमारला संपतात. तेही नदीच्या हावड्याकडच्याच काठावर आहे, पण तिथे हावड्यासारखी वाहनांची सोय नाही. गीतांजली किंवा नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल घ्या. दोन्ही सीएसएमटीहून सुटतात आणि हावड्यालाच जातात.

सीएसएमटीबद्दल मुंबईकराला काय सांगणार, पण लांब पल्ल्याचा प्रवासी म्हणून पाहिलं की ते थोडं वेगळं दिसतं. १ ते ७ लोकलचे फलाट, ८ ते १८ मेल-एक्सप्रेसचे. टॅक्सीने येत असाल तर पुढच्या दाराने, हेरिटेज इमारतीकडून येऊ नका. पी. डिमेलो रोडकडून १८ नंबरच्या बाजूला उतरा, चालणं निम्म्याने वाचतं. टॅक्सीच म्हणतोय, कारण शीव आणि वांद्र्याच्या अलीकडे, म्हणजे शहराकडे, रिक्षाला परवानगीच नाही. ठाणे-डोंबिवलीकडून रिक्षाने थेट येण्याचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ सीएसएमटीपर्यंत येते, त्यामुळे अंधेरी, सांताक्रूझकडच्या लोकांची चांगली सोय झाली आहे.

गंमत म्हणजे फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेली ती जगप्रसिद्ध इमारत, १८८८ च्या आसपास पूर्ण झालेली आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेली, मेलने जाणाऱ्याला धड दिसतच नाही. तिचा बराचसा भाग रेल्वेच्या कचेऱ्यांचा. लोकलच्या तिकीटघराचं छत तेवढं मान वर करून बघण्यासारखं, पण तिथे मान वर करून उभं राहिलात तर मागचा माणूस काय म्हणेल ते सांगायला नको. इमारत बघायची ती समोर महापालिकेच्या बाजूने, शक्यतो रात्री दिवे लागल्यावर. गाडीच्या दिवशी हा उद्योग नको.

दादर. 'घरापासून जवळ पडतं' म्हणून निम्मी मुंबई मेल पकडायला दादरला जाते. आई-वडील बरोबर असतील तर माझं स्पष्ट मत आहे: जाऊ नका. गाडी थोडा वेळच थांबते, पुलावर लोकलची गर्दी, आणि मध्य नि पश्चिम दोन्ही रेल्वे एकाच ठिकाणी. डिसेंबर २०२३ पर्यंत तर दोन्हीकडे स्वतंत्रपणे १ नंबरपासून फलाट होते, आणि 'एक नंबरवर ये' म्हटलं की 'सेंट्रलचा की वेस्टर्नचा?' हे ठरलेलंच. आता १ ते १४ सलग क्रमांक आहेत, पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. सुधारणा चांगली आहे, पण तिने पूल कमी झालेले नाहीत. येताना दादरला उतरणं एकवेळ चालेल. चढायला मात्र टर्मिनसच गाठा, मग ते कुर्ला का असेना.

नवी दिल्लीला मी शेवटी टाकलं म्हणून दिल्लीकर रागावतील. शहराशी जोडणी पाहिली तर ते चौघांत अव्वल आहे. अजमेरी गेटच्या बाजूला मेट्रोची यलो लाइन आहे, शिवाय विमानतळावर साधारण वीस मिनिटांत पोचवणारी एअरपोर्ट एक्सप्रेसही तिथेच. पण आत शिरल्यावर १६ फलाट एकापलीकडे एक, आणि त्यांना जोडणारे पूल. पहाडगंजची बाजू १ नंबरकडे, अजमेरी गेटची १६ नंबरकडे. चुकीच्या बाजूला उतरलात तर सामानासकट अख्खं स्टेशन ओलांडायचं. गर्दीच्या दिवसांत हे नुसतं गैरसोयीचं राहत नाही. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री, कुंभमेळ्याच्या काळात, १४-१५ नंबरच्या फलाटांकडच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन १८ माणसं गेली. २०१७ चा एल्फिन्स्टनचा पूल आठवणाऱ्या मुंबईकराला याहून जास्त सांगायची गरज नाही. छठ, दिवाळी, होळीच्या आगेमागे आई-वडिलांना घेऊन या स्टेशनावर जाऊ नका.

पहाडगंजच्या बाजूला आणखी एक जुना प्रकार चालतो. सभ्य दिसणारा कुणीतरी तुमचं तिकीट बघायला मागतो, 'ये गाडी तो कॅन्सल है' म्हणतो आणि समोरच्या 'ऑफिसात' चला म्हणून मागे लागतो. तिकीट हातात देऊ नका. गाडीची खात्री १३९ वर फोन करून किंवा मोबाइलवर स्वतः करा.

तुमच्या फेऱ्यात नवी दिल्ली टाळता येईल का? बऱ्याच अंशी. न्यू जलपाईगुडीहून येताना दिब्रुगड राजधानी नवी दिल्लीलाच सोडते, पण ब्रह्मपुत्र मेल जुन्या दिल्लीला आणि नॉर्थ ईस्ट एक्सप्रेस आनंद विहारला जाते. मी तुमच्या जागी असतो तर राजधानीच घेतली असती. उतरणं चढण्याइतकं त्रासाचं नसतं, हमाल केला की निभतं, आणि रात्रभराच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसांना राजधानीचं जेवण-अंथरूण जास्त महत्त्वाचं. परतताना मात्र निजामुद्दीनहून निघा. ऑगस्ट क्रांती राजधानी तिथून मुंबई सेंट्रलला येते आणि कल्याण-नाशिकमार्गे धावणारी राजधानी सीएसएमटीला. निजामुद्दीनही आरपार स्टेशन आहे, पूल तिथेही चुकत नाही, पण पसारा लहान असल्याने नवी दिल्लीइतकी दमछाक होत नाही.

चेन्नई पुढच्या वर्षीचं, तेव्हा थोडक्यात. सेंट्रलची लाल इमारत १८७३ ची, फलाट सगळे एका पातळीवर, खाली मेट्रोचं प्रशस्त स्टेशन आणि तिथून विमानतळापर्यंत थेट ब्लू लाइन. सूचनांच्या बाबतीत सावध राहा: घोषणा तमिळमध्येही होतात, त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत कान लावून बसावं लागतं, त्यापेक्षा फलकाकडे लक्ष ठेवा. आणि रामेश्वरची गाडी सेंट्रलहून नाही, एग्मोरहून असते. आपल्याकडची कितीतरी यात्रेकरू मंडळी इथेच गोंधळतात. घाबरण्यासारखं काही नाही, मेट्रोच्या ग्रीन लाइनवर सेंट्रलच्या पुढचंच स्टेशन एग्मोर. दोन गाड्यांमध्ये तीन तास तरी ठेवा, कारण मुंबईकडची गाडी वेळेवर पोचेलच असं नाही.

स्वच्छतागृहांबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. या चारही ठिकाणी माझं एकच धोरण आहे: फलाटावरच्यांच्या वाटेला जायचं नाही, पैसे देऊन बसायची वातानुकूलित प्रतीक्षालयं आहेत तिथे जायचं. तासाला जे काही घेतील ते द्यायचं. सियालदहच्या गाडीआधी तुम्हाला हावड्याला किंवा सियालदहला बराच वेळ काढावा लागेल. तेवढ्यासाठी हॉटेल करण्यापेक्षा रेल्वेच्या रिटायरिंग रूम आधी बघा. कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन मिळतात आणि काही तासांपुरत्याही घेता येतात. लवकर भरतात, तेव्हा तिकिटं कन्फर्म झाली की त्याच दिवशी बुक करून टाका.