हस्तकला-सल्ला : थडगी, सांगाडे, धुके आणि नरकासुर

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या वाचकांची पत्रे हॅलोविन या भुताखेतांच्या सणाच्या सजावटीविषयी आणि तळकोकणातल्या वाचकांची दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याविषयी येऊ लागतात. भीतिदायक वस्तू घरी करण्याची हौस दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे या अंकात त्यांना एकत्र उत्तरे देत आहोत.

प्रश्न : ३१ ऑक्टोबरच्या रात्री घरासमोरच्या हिरवळीवर मांडण्यासाठी मी थर्माकोलच्या थडग्याच्या शिळा कापल्या, पण करड्या रंगाचा स्प्रे मारताच त्यांना खड्डे पडले. कडांचे दाणेही सुटतात. दगडाचे रूप कसे आणावे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दोष रंगाचा नसून स्प्रेच्या डब्यातील द्रावकाचा आहे. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि ते ॲसिटोनसारख्या द्रावकांत सहज विरघळते. म्हणून पहिले दोन हात पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे, ब्रशने द्यावेत आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय स्प्रे हातात घेऊ नये. कोपऱ्यात नखाएवढी जागा उघडी राहिली तरी खड्डा तेथे पडतोच. दाण्यांवर मात्र इलाज नाही, कारण पांढरा थर्माकोल मुळात दाणे फुगवून, एकमेकांना चिकटवूनच तयार होतो. त्याऐवजी भिंतींना उष्णतारोधक म्हणून लावतात ते गुलाबी किंवा निळ्या फोमचे तक्ते आणावेत. चार फूट बाय आठ फुटांच्या, दोन इंच जाडीच्या एका तक्त्यातून दोन बाय चार फुटांच्या चार शिळा निघतात.

अक्षरे नुसती रंगवू नयेत, कोरावीत. रेघेच्या दोन्ही बाजूंनी कटर तिरका धरून काप घेतला की मधली पट्टी सुटून येते आणि टाकीने खोदल्यासारखी खाच उरते. मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा पृष्ठभागावर दाबत फिरवावा. त्याच्या टोकदार सुरकुत्या उमटून दगडाचा खरबरीतपणा येतो. तापलेल्या तारेने फोम कापायचा असेल तर ते काम अंगणातच करावे, त्याचा धूर नाकात जाणे चांगले नाही.

खरी कमाल रंगकामात आहे. आधी मध्यम करडा रंग सर्वत्र द्यावा. तो वाळला की भरपूर पाणी घातलेला काळा रंग वरून ओघळू द्यावा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसावा, म्हणजे तो फक्त खाचांत शिल्लक राहतो. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश पांढुरक्या रंगात टेकवून कडांवरून हलकेच फिरवावा आणि बुडाशी थोडा शेवाळी हिरवा रंग लावावा. एवढी मेहनत घेऊन समोरून झगझगीत दिवा लावला तर सगळी मातीमोल होते, कारण समोरच्या उजेडात खाचेची सावलीच पडत नाही. एक छोटा दिवा बाजूला, जमिनीलगत ठेवावा. आमच्या मते या छंदातला अर्धा पैसा आणि सगळी अक्कल दिव्यांवर खर्च व्हावी. बनावट रक्ताच्या बाटल्या दुकानातच राहिल्या तरी काही बिघडत नाही.

शिळा वाऱ्याने उडू नये म्हणून बुडाशी दोन भोके पाडून त्यांत प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे चिकटवावेत आणि जमिनीत ठोकलेल्या गजांवर ते बसवावेत.

प्रश्न : दुकानातून आणलेला प्लॅस्टिकचा सांगाडा खेळण्यासारखा दिसतो. तो जुना कसा भासेल?
— एक वाचिका, शिकागो

उत्तर : रंगारी फरशीवर अंथरतात ते अगदी पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक सांगाड्याभोवती दोन-तीन पदर गुंडाळावे आणि हीटगनने लांबूनच तापवावे. प्लॅस्टिक आकसून बरगड्यांना घट्ट बसते, मध्येमध्ये फाटते, आणि हाडांवर सुकलेली कातडी ताणल्यासारखी दिसू लागते. गन एकाच जागी रोखली तर खालचे हाडच वाकडे होते, म्हणून हात सतत हलता ठेवावा. त्यावर लाकडाला लावतात तो घट्ट तपकिरी स्टेन चोपडून पुसून घ्यावा. सुरकुत्यांत तो साचतो, उंचवट्यांवरून निघून जातो आणि रंगाची एकसारखी चकाकी मोडते. हे काम उघड्यावर आणि तोंडाला रेस्पिरेटर बांधून करावे; साध्या कापडी मास्कने वाफा अडत नाहीत. डोळ्यांच्या खोबणी काळ्या रंगवून मोकळ्याच ठेवाव्यात, लाल दिवे बसवण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : धुक्याचे यंत्र विकत घेतले, पण धुके थडग्यांभोवती रेंगाळण्याऐवजी वर जाते. ड्राय आइस वापरावा का?
— एक वाचक, एडमंटन, कॅनडा

उत्तर : यंत्र ग्लायकॉल आणि पाण्याचे मिश्रण तापवून धुके सोडते, त्यामुळे ते गरम असते आणि वर चढते. जाळीवर बर्फ पसरलेल्या थंडपेटीतून ते वरून आत आणि तळाच्या रुंद नळीतून बाहेर काढले की गार होऊन गवतालगत पसरते, अर्थात वारा पडलेला असेल तरच. पायऱ्यांवर ते सोडू नये, निसरडे होते. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड; त्याचे तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस असते. तो उघड्या हाताने धरू नये आणि झाकण घट्ट लावलेल्या डब्यात तर कधीच ठेवू नये, वायूच्या दाबाने डबा फुटतो. बंद खोलीत त्याचा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत, म्हणजे नेमका लहान मुलांच्या उंचीला साचतो. घरात मुले येणार असतील तर आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

प्रश्न : आमच्या वाडीतली मुले नरकासुराचे तोंड थर्माकोलचे करतात आणि जाळताना काळा धूर होतो. दुसरा मार्ग आहे का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : मार्ग जुनाच आहे, कागदाचा. शिवाय महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ साली बंदी आली आहे. मातीचा चेहरा उठावात घडवून त्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्राचा द्यावा, म्हणजे मुखवटा सहज सुटतो. पुढचे थर मैद्याच्या खळीने लावावेत. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा असा क्रम ठेवला तर कोठे कागद लागला नाही हे मुलांना डोळ्यांनी कळते. खळीत मोरचूद घालण्याची पद्धत कसर लागू नये म्हणून होती. तो विषारी आहे आणि मुखवटा चार दिवसांत जळणारच असल्याने येथे त्याची गरज नाही. मूर्ती उंच असते आणि लोक तिच्याकडे खालून पाहतात, म्हणून भुवया आणि खालचा ओठ जवळून बेढब वाटावा इतका पुढे काढावा. ऑक्टोबरात पावसाची सर येतेच, तेव्हा प्रत्येक थर छपराखाली, वाऱ्यावर वाळवावा. पोटात पेंढा भरावा. फटाके भरायचेच असतील तर ते मोठ्या माणसांनी, मूर्ती मैदानात उभी करून गर्दी मागे सारल्यावरच भरावेत.