‘ओकामा’ आणि आपला ‘काम’

पुण्यात जपानी शिकणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: ‘ओकामा’ हा शब्द संस्कृत ‘काम’ (म्हणजे वासना) यावरून गेला का, आणि समलिंगी पुरुषाला जपानीत हाच शब्द वापरायचा का?

दुसरं आधी. वापरू नका. ॲनिमे बघून तो बिनधास्त फेकणारी मुलं हल्ली फार झाली आहेत. ती शिवी आहे. काही जण स्वतःला तसं म्हणवतात, तो त्यांचा हक्क. बाकीच्यांनी ‘गेइ’ म्हणावं.

आता ‘काम’. जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाला असं मानणारी मंडळी हे लाडकं उदाहरण पुढे करतात. ‘कामा’ म्हणजे भाताचा हंडा! कोरियनमध्येही त्याला जवळपास हाच शब्द आहे. ‘ओ’ हा आदराचा उपसर्ग. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) बहुधा गोल बुडाच्या हंड्यावरून कुल्ल्यांना ‘ओकामा’ म्हणू लागले, आणि तिथून तो शब्द समलिंगी पुरुषांना चिकटला. पुढे पुरुषी वळणाच्या स्त्रियांसाठी जोडीला ‘ओनाबे’ आला, म्हणजे पातेलं. सगळा मामला स्वयंपाकघरातला. मदनाचा इथे काय संबंध?

भारताशी खरं नातं हवं असेल तर ‘नान्शोकु’ घ्या. पुरुषा-पुरुषांमधल्या प्रेमाचा हा जुना शब्द. लेखक इहारा साइकाकुने १६८७ मध्ये त्यावर अख्खा कथासंग्रह काढला, तोही लपूनछपून नाही. यातलं ‘शोकु’चं अक्षर सुटं वाचलं तर ‘इरो’, म्हणजे रंग, आणि शृंगारही. चिनी बौद्ध भाषांतरकारांनी संस्कृत ‘रूप’साठी हेच अक्षर निवडलं. ‘रूपं शून्यता’ हे बौद्ध सूत्रातलं वचन जपानी मठांत आजही ‘शिकी सोकु झे कू’ असं म्हटलं जातं, त्यातलं ‘शिकी’ तेच. आता आपल्याकडे बघा: रंगेल, रंगमहाल, रंगढंग. रंगातून शृंगाराकडे जायला मराठीला कोणी चिनी गुरू लागला नाही. डोळ्यांना जे मोहवतं तेच वासनेचं मूळ, ही समजूत दोन्हीकडे आपापली रुजली असं माझं ठाम मत आहे. कोशकार याला योगायोग म्हणतील. म्हणोत.

कोशकारांचं तरी काय सांगावं! पण आधी कायदा. जपानच्या मेइजी सम्राटाच्या सरकारने १८७३ मध्ये पुरुषांमधला संभोग गुन्हा ठरवला, पण १८८२ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत तो ठेवला नाही. (आपलं ३७७ कलम त्याआधीचं, आणि संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द व्हायला २०१८ उजाडलं.) कायदा गेला तरी पाश्चात्त्य लैंगिक शास्त्राबरोबर ‘दोसेइआइ’ (समलिंगी प्रेम) हा नवा शब्द आला, आणि ते प्रेम आजार झालं. शब्दातच ‘आइ’ म्हणजे प्रेम आहे, तरी ‘कोजिएन’सारख्या मान्यवर कोशाने त्याला विकृत कामवासनेचा प्रकार म्हटलं होतं. समलिंगींच्या संघटनेने हरकत घेतल्यावर १९९१ च्या आवृत्तीत ते बदललं. २०१८ मध्ये याच कोशाने ‘एलजीबीटी’ची (समलिंगी, द्विलैंगिक आणि ट्रान्स व्यक्तींचं एकत्रित नाव) नोंद घातली, तर त्यात ट्रान्स व्यक्तींना बसेल असा अर्थच नव्हता! प्रकाशकांना दुरुस्ती करावी लागली.

जपानी संसदेची तऱ्हा आणखी वेगळी. २०२३ च्या एलजीबीटी कायद्यात ‘सेइजिनिन’ लिहायचं की ‘सेइदोइत्सुसेइ’, यावर राजकारणी भांडले. दोन्ही ‘जेंडर आयडेंटिटी’ (लिंगओळख) या एकाच इंग्रजी संज्ञेची भाषांतरं. पण पहिल्यात स्वतःला ओळखण्यावर भर, दुसऱ्याला वैद्यकीय निदानाचा वास. शेवटी परके शब्द लिहायच्या काताकाना लिपीत ‘जेन्दा आइदेन्तितिई’ लिहून मोकळे झाले. मला विचाराल तर ‘सेइजिनिन’च ठेवायला हवा होता.